बेटावरची विहीर मचूळ व्हायला लागली की काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने

पाणी जरा मचूळ लागायला लागलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, बोअर अजून खाली नेतात. मुख्य भूमीवर हे कधीकधी चालून जातं म्हणून ती सवय पडलेली असते. कमी पावसाच्या बेटावर मात्र खाली जाणं म्हणजे समुद्राला घरचं आमंत्रण. मग पाणी आणखी खारट होतं, मग अजून मोठी मोटर येते, आणि दोन-तीन वर्षांत ती विहीर कपडे धुवायच्याही कामाची राहत नाही. यातली प्रत्येक पायरी माणूस चांगल्या हेतूनेच करतो, फक्त क्रम उलटा असतो. आधी मोजायचं, मग उपसा कमी करायचा, मग विहिरीत बदल, आणि पुनर्भरण, म्हणजे पाऊस जमिनीत जिरवणं, त्यानंतर.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पावसाचं झिरपलेलं पाणी हलकं असतं आणि समुद्राचं जड, लिटरमागे साधारण २५ ग्रॅमचा फरक. त्यामुळे बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, मधे जाड आणि किनाऱ्याकडे पातळ, भिंगासारखं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. ऐकायला भारी वाटतं, पण हेच गणित उलटं चालवून बघा. तुम्ही पातळी फक्त १० सेंटीमीटर खाली आणली आणि तशीच ठेवली, तर खालचा खारा थर हळूहळू ४ मीटर वर येतो. शिवाय गोड्या-खाऱ्याच्या मधे काही रेघ ओढलेली नसते, काही मीटर जाडीचा मिश्र थर असतो, म्हणजे मचूळपणा हिशोबाच्या आधीच दारात येतो.

## तयारी: काय काय जवळ हवं

- पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा हातातला मीटर, तापमान आपोआप जुळवून घेणारा. पाणी जितकं खारट तितकी वाहकता जास्त. सोबत १,४१३ आणि १२,८८० मायक्रोसीमेन्सची (वाहकतेचं एकक, दर सेंटीमीटरला) कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर ताडून जुळवायची द्रावणं.
- पाण्याला टेकल्यावर आवाज करणारी पातळीची टेप. नसेल तर साधी मोजपट्टी आणि खाली वजन, चालतं.
- मीटर जिथे पोचत नाही तिथल्या खोलीवरचं पाणी काढायला वजन बांधलेली, दोरीने बूच ओढता येणारी बाटली.
- भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
- बादली, स्टॉपवॉच, आणि एक वही. मोबाईलमध्ये लिहिलं तरी हरकत नाही पण फोन बदलला की नोंदी जातात हे कायम होतं.

मीटर कॅलिब्रेट न करता वापरणं ही पहिली चूक. घाईत सगळे हे टाळतात आणि मग वर्षभराच्या नोंदी कचऱ्यात जातात.

## १. पातळी समुद्रसपाटीपासून मोजा, जमिनीपासून नाही

"आमच्या विहिरीला पाणी १२ फुटांवर लागतं" या वाक्याचा इथे काहीच उपयोग नाही. तुम्हाला हवंय ते म्हणजे पाणी सरासरी समुद्रसपाटीच्या किती वर उभं आहे. त्यासाठी विहिरीच्या काठावर रंगाने एक पक्की खूण करा आणि सर्व्हेयरकडून तिची उंची लेव्हलने काढून घ्या. मोबाईलच्या जीपीएसवरून उंची घेऊ नका, त्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपण इथे सेंटीमीटरसाठी भांडतोय.

मग भरती-ओहोटीचा प्रश्न. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी समुद्राबरोबर वर-खाली होतं, थोडं उशिराने पण होतं. भरतीला मोजलं की वाटतं सगळं छान, ओहोटीला मोजलं की धाबं दणाणतं. म्हणून मोटर बंद ठेवून सलग २५ तास दर तासाला पातळी घ्या आणि सरासरी काढा. दोन भरती-ओहोट्या बसायला साधारण तेवढा वेळ लागतो. जमलं तर एकदा उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि एकदा भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) हे करा.

चेक: सरासरी पातळी समुद्रसपाटीच्या ३०-४० सेंटीमीटर वर आली तर घाबरू नका, लहान बेटांवर एवढंच असतं. शून्याच्या आसपास किंवा खाली आली तर पुढचं वाचत बसण्याआधी उपसा थांबवा.

## २. खारटपणा नक्की समुद्रातूनच आलाय का ते बघा

इथे लोक फार घाई करतात. पाणी खारट होण्याची आणखी बरीच कारणं असतात: वाऱ्याने उडालेले समुद्राचे तुषार जमिनीवर साचून पावसाबरोबर खाली जाणं, कमी पावसात बाष्पीभवनाने मीठ घट्ट होणं, जवळचा शोषखड्डा, शेतात परत मुरणारं पाणी, किंवा खडकात अडकलेलं जुनं खारं पाणी. कारण वेगळं तर उपाय वेगळा. शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत येत असेल तर उपसा निम्मा करून काय होणार?

आधी सरळ मीटरवरची परीक्षा. मोटर रात्रभर बंद ठेवा, सकाळी विहिरीत वरच्या पाण्याचं, मधलं आणि तळाचं अशी तीन मापं घ्या. नंतर मोटर चालू करून दर दहा मिनिटांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचं माप लिहा. उपसा चालू असताना आकडा चढत गेला आणि तळाचं पाणी वरच्यापेक्षा बरंच खारट निघालं, तर खालून खारं पाणी वर येतंय हे जवळपास नक्की. मी एका विहिरीवर हे करताना सकाळी मीटर ९०० दाखवत होता, पाऊण तासाने २,४००. मालक म्हणाले मीटर बिघडलाय. मोटर बंद केली, चहा झाला, तासाभराने परत बघितलं तर आकडा उतरायला लागलेला. मीटर ठणठणीत होता.

आकड्यांचा अंदाज असा ठेवा. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण ५०,००० मायक्रोसीमेन्स आणि क्लोराईड (मिठाचा मुख्य घटक) लिटरला साधारण १९,००० मिलिग्रॅम. म्हणजे विहिरीत फक्त २ टक्के समुद्र मिसळला तरी क्लोराईड ३८० मिलिग्रॅमने आणि वाहकता हजाराच्या आसपास वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते क्लोराईड २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव कळायला लागते. थोडक्यात जिभेला कळेपर्यंत १ टक्क्याच्या वर समुद्र आत आलेला असतो, म्हणून "चव तर ठीक आहे" यावर विसंबू नका.

शंका राहिली तर एक सॅम्पल लॅबला द्या आणि क्लोराईड, ब्रोमाईड, सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट, नायट्रेट एवढं मागून घ्या. समुद्राच्या पाण्यात क्लोराईड आणि ब्रोमाईडचं वजनी प्रमाण साधारण २९० असतं. सांडपाण्यात ते बरंच जास्त येतं आणि नायट्रेटही चढलेलं असतं. खारं पाणी नुकतंच आत शिरत असेल तर आणखी एक खूण दिसते, पाणी अचानक कठीण होतं, म्हणजे साबणाला फेस येत नाही. येणारं सोडियम मातीच्या कणांना चिकटतं आणि बदल्यात कॅल्शियम पाण्यात सुटतं म्हणून.

सावधान: लांबलचक जाळीच्या (पाणी आत यायला पाइपाला असलेल्या भोकांच्या भागाच्या) किंवा उघड्या बोअरमधली खोलीनिहाय मापं फसवी असतात. बोअरच्या आतच पाणी खालून वर किंवा वरून खाली वाहत असतं, त्यामुळे मीटर बोअरमधलं सांगतो, आजूबाजूच्या खडकातलं नाही. खरं चित्र हवं असेल तर वेगवेगळ्या खोलीवर छोटी जाळी असलेल्या दोन-तीन बारीक निरीक्षण नळ्या लागतात.

## ३. पाऊस किती मुरतो त्याचा हिशोब

कोरड्या बेटावर लोक पावसाच्या आकड्यावर हिशोब मांडतात, ४०० मिलिमीटर पडतो म्हणून. पण त्यातला बहुतेक हवेत परत जातो. अंदाज काढायची सोपी रीत क्लोराईडचीच, कारण पाणी उडून जातं आणि क्लोराईड मागे राहतं: पावसातलं क्लोराईड भागिले भूजलातलं क्लोराईड, गुणिले पाऊस. समजा पावसात २० मिलिग्रॅम आणि भूजलात २०० मिलिग्रॅम, तर दहावा हिस्सा मुरतो, म्हणजे ४० मिलिमीटर.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. भूजलाचा आकडा बेटाच्या आतल्या, समुद्र न शिरलेल्या आणि सांडपाण्यापासून लांबच्या विहिरीचा घ्यायचा, नाहीतर हिशोबच फसला. आणि पावसाचं पाणी जमा करायचं भांडं वर्षभर उघडं ठेवायचं, कारण बेटावर बरंचसं मीठ कोरड्या वाऱ्यानेच पडतं.

आता हे ४० मिलिमीटर एका हेक्टरवर पसरा. वर्षाचे ४ लाख लिटर. सगळे काढता येत नाहीत, बराचसा भाग समुद्राकडे वाहत राहिला तरच ते भिंग टिकतं, म्हणून सुरुवातीला तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नका. म्हणजे हेक्टरमागे रोजचे साधारण ३६५ लिटर. हा आकडा बघून लोक गप्प होतात, पण तो आत्ता कळलेला बरा, मोटर घेतल्यावर नको.

## ४. उपसा बदला (इथेच निम्मं काम होतं)

वर म्हटलं तसं एका ठिकाणी पातळी खाली ओढली की बरोबर तिच्याखाली खाऱ्या पाण्याचा शंकू वर चढतो. हा शंकू विहिरीच्या तळापासून खाऱ्या थरापर्यंतच्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत चढला तर सहसा स्थिर राहतो, निम्म्याच्या पुढे गेला की एकदम विहिरीत घुसतो. याचा वापर असा करा:

पातळी समुद्रसपाटीच्या ०.५ मीटर वर, म्हणजे खारा थर साधारण २० मीटर खाली. विहिरीचा तळ समुद्रसपाटीच्या २ मीटर खाली. मधलं अंतर १८ मीटर, तिसरा हिस्सा ६ मीटर. ६ भागिले ४० म्हणजे १५ सेंटीमीटर. एवढीच पातळी उतरवायची परवानगी आहे तुम्हाला! मिश्र थर धरला तर १० सेंटीमीटरच धरा. टाचणीएवढं वाटतं, पण दोन हॉर्सपॉवरची मोटर पहिल्या काही मिनिटांत याच्या कितीतरी खाली जाते.

मग करायचं काय तर तेच पाणी हळू काढायचं. तासाला ५,००० लिटरने दोन तास चालवलं काय आणि तासाला ४२० लिटरने दिवसभर चालवलं काय, पाणी तेवढंच मिळतं, पण पातळी उतरणं साधारण त्याच प्रमाणात कमी होतं. थोडा वेळ जोरात चालवलं तर शंकू पूर्ण चढायला वेळ मिळत नाही हा मुद्दा काही जण मांडतात आणि तो अगदीच चुकीचा नाही, पण रोजच्या त्या झटक्यांनी मिश्र थर जाड होत जातो आणि तो नुसता आराम दिल्याने पूर्ववत होत नाही.

क्रम असा:

१. आत्ताचा उपसा मोजा, बादली आणि स्टॉपवॉचने.
२. छोटा पंप बसवा. छोटा सोलर पंप इथे झकास, ऊन असेपर्यंत हळूहळू चालत राहतो. आणि साठवण टाकी मोठी करा, कारण जोर टाकीत हवा, विहिरीत नको.
३. फुटव्हॉल्व (पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड) तळाशी सोडू नका. तो वर घ्या, ओहोटीच्या वेळच्या स्थिर पातळीच्या थोडाच खाली, आणि कोरडा पंप चालू नये म्हणून फ्लोट स्विच लावा. पातळी जास्त उतरली की पंप आपोआप बंद.
४. एकाच विहिरीवरचा उपसा दोन-तीन उथळ विहिरींत वाटून टाका, एकमेकींना खेटून नकोत.
५. गळती शोधा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी मार्क करा, सकाळी बघा. गळकी पाइपलाइन दुरुस्त करणं हा सगळ्यात स्वस्त "नवा झरा".

चेक: पंप चालू केल्यावर आठ तासांनी पातळी परवानगीच्या आत आहे का? वाहकता सकाळच्या आकड्यापेक्षा फार चढली नाही ना? दोन्हींपैकी एक जरी बिघडलं तरी उपसा आणखी कमी.

घाई नको: शंकू चढतो भरभर आणि उतरतो रडतखडत, खडकाच्या छिद्रांत मीठ अडकून बसतं. सुधारणा दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. "पंधरा दिवस कमी चालवली, काही फरक नाही" म्हणून परत जुनी मोटर जोडू नका.

## ५. विहिरीची रचना

खोल बोअर आधीच मारलेला असेल तर त्याचा खालचा भाग बंद करायला हवा. सिमेंटचं पातळ मिश्रण किंवा बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) नळीतून तळापासून वर भरत आणायचं. वरून खडी आणि दगड ओतून "बुजवली" म्हणणारे भेटतात. त्या खडीतून खारं पाणी आरामात वर येतं. सोडून दिलेले बोअरही असेच बंद करा, तो प्रत्येक बोअर म्हणजे खाऱ्या पाण्याची शिडी असते.

नवीन काही करायचं असेल तर खोल नाही, आडवं करा. पाण्याच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या थोडं खाली आडवी चर खणून त्यात भोकं असलेला पाइप टाकायचा, भोवती धुतलेली खडी, वर माती, आणि मधल्या हौदातून हळू उपसा. ओढ एका टिंबावर न पडता लांबवर पसरते त्यामुळे शंकू चढत नाही. किरिबाटीच्या तारावा बेटावर बोनरिकी इथे लोकांना पाणीपुरवठा अशाच आडव्या गॅलरींतून होतो. चर खणताना जमीन ढासळते, तेव्हा आधार लावल्याशिवाय कोणाला आत उतरवू नका.

जागा निवडताना बेटाचा बरोब्बर मध्य पकडायची गरज नाही. प्रवाळ बेटांवर गोडं पाणी बऱ्याचदा लगूनच्या (बेटांनी वेढलेल्या उथळ समुद्राच्या) बाजूला जास्त जाड असतं, कारण तिकडची वाळू बारीक असते आणि पाणी धरून ठेवते.

## ६. पाऊस आधी टाकीत, मग जमिनीत

पुनर्भरणाचं कौतुक सगळीकडे ऐकायला मिळतं, पण भरड, पोकळ प्रवाळ खडकात जिरवलेलं पाणी फार दिवस थांबत नाही, समुद्राकडे निघून जातं. त्यामुळे माझं मत सरळ आहे, प्यायचं पाणी छतावरून टाकीत घ्या, टाकी भरून वाहिली की उरलेलं जमिनीत द्या. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. वर्षाला ४०० मिलिमीटर धरून आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी ३२,००० लिटर. हे पाणी विहिरीतून काढावं लागत नाही, म्हणजे विहिरीला तेवढी विश्रांती.

पन्हळी पावसाआधी साफ, पहिल्या पावसाचे १०० ते २०० लिटर बाहेर सोडायचे, बेटावरच्या छतावर तर मीठही साचलेलं असतं.

जिरवताना खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, तळ पाण्याच्या पातळीच्या वर राहील असा, आणि गाळ थांबवायला आधी वाळूचा थर. रस्त्याचं किंवा गोठ्याचं पाणी यात सोडायचं नाही. खोल बोअरमधून थेट खाऱ्या थरात गोडं पाणी सोडणं म्हणजे ते वाया घालवणं, ते तिथे मिसळून जातं.

आरओ बसवला असेल तर एक लक्षात ठेवा. समुद्राच्या पाण्यावर चालणारा प्लँट निम्म्याहून जास्त पाणी परत टाकतो आणि ते मूळपेक्षा खूप खारट असतं. ते विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडलेलं मी पाहिलंय. एका हाताने मीठ काढायचं आणि दुसऱ्याने परत विहिरीत घालायचं.

## ७. लाटा आत आल्या तर

वादळात किंवा त्सुनामीत विहिरीत वरूनच समुद्र शिरला तर वरचे सगळे नियम बाजूला, कारण आता खारं पाणी वर आहे आणि खाली बुडतंय. पहिली प्रतिक्रिया असते पंप लावून विहीर रिकामी करायची, आणि आकडा उतरेना म्हणून पुन्हा पुन्हा करायची. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशा वारंवारच्या उपशाने खालचंही खारं पाणी वर ओढलं गेलं. एकदाच हळू उपसून गाळ, कचरा आणि साचलेलं खारं पाणी काढा, ते पाणी लांब उताराला सोडा, आणि मग पावसाला काम करू द्या. २००५ मध्ये पर्सी चक्रीवादळाने कुक बेटांपैकी पुकापुकावर समुद्र आत आला तेव्हा भूजल पिण्यालायक व्हायला साधारण ११ महिने लागले. म्हणजे तेवढे दिवस प्यायला दुसरी सोय हवी, त्यासाठी टाकीच्या झाकणाला घट्ट सील आणि तिचा चौथरा लाटेच्या वर.

## ८. नोंदी, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं

आठवड्यातून एकदा, भरतीच्या त्याच अवस्थेत, पंप चालू करायच्या आधी: पातळी, वरची आणि तळाची वाहकता, आठवड्याचा उपसा, पाऊस. पाच मिनिटांचं काम. कधी भरतीला कधी ओहोटीला मोजलेले आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

आणि आकडा चढल्यावर काय करायचं ते आत्ताच लिहून भिंतीवर लावा, कारण उन्हाळ्यात टाकी रिकामी असताना कोणीच शहाणपणाने ठरवत नाही. उदाहरणार्थ, वाहकता नेहमी ८०० मायक्रोसीमेन्स असणारी विहीर १,००० ला गेली तर उपसा एक चतुर्थांश कमी, १,२०० ला निम्मा, १,५०० ला बंद आणि टाकीवर. तुमच्या विहिरीचे आकडे वेगळे असतील, एक पूर्ण वर्ष मोजून ते ठरवा. पावसाळ्यात आकडा उतरला म्हणजे विहीर बरी झाली असं नाही, वर नव्या पाण्याचा पातळ थर आलेला असतो इतकंच, तळाचा आकडा बघा.

बागेसाठी मचूळ पाणी वापरत असाल तर घेवडा आणि कांदा पहिले मान टाकतात, खजूर आणि बार्ली बरंच सहन करतात. ठिबकने द्या, पानांवर फवारू नका, आणि पाऊस पडला की मुळांजवळचं मीठ खाली जाऊ द्या. हे मीठ शेवटी त्याच भूजलात उतरतं, तेव्हा विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाफ्यांना मचूळ पाणी देऊच नका, तिथे फक्त टाकीतलं.